उरलेली साक्ष

लिंबागणेश
१८ नोव्हेंबर २०२४

दादा,

आबा सुटले. हायकोर्टाने शिक्षा रद्द केली. आपल्या वस्तीवरच्या राधाकिशनने तुला फोनवर कळवलंच असेल. पण त्याने ते कसं सांगितलं असेल ते मला माहीत नाही, म्हणून मी लिहिते. दिवाळीला तो वस्तीवर आला होता. तू चाकणला त्याच्याच शेजारच्या खोलीत राहतोस हे तो आईसमोर बोलून गेला आणि मग स्वतःच घाबरला. उद्या परत निघालाय, त्याच्या हातात हे देते. फोन तू उचलत नाहीस. तुला दोष देत नाही, पण कागद तरी उघडशील असं वाटतं.

निकाल इंग्रजीत आहे. वकीलसाहेबांनी मला समोर बसवून मराठीत समजावून दिला. त्यात सगळं पहिल्यापासून लिहिलंय. आपल्याच घरातली गोष्ट परक्या माणसाने सांगावी तसं वाटलं ऐकताना. आरोपी गहिनीनाथ, मेंढपाळ. मयत बिभीषण, आरोपीच्या बायकोचा सख्खा भाऊ. दोघांची रानं लागून, मधे सामायिक विहीर. मेंढरं मयताच्या ज्वारीत शिरली म्हणून दुपारी भांडण झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मयत विहिरीत सापडला, डोक्याला मागून मोठी जखम. पोलिसांचं म्हणणं, आरोपीने डोक्यात काठी घालून विहिरीत ढकललं. बघणारा कुणी नाही.

मग तू येतोस. साक्षीदार क्रमांक चार, आरोपीचा मुलगा. भांडणात आबा मामाला म्हणाले होते, "आज तुला जिता सोडत न्हाई." तू कोर्टात ते जसंच्या तसं सांगितलंस. त्याच्यापुढे तू जे सांगितलं होतंस ते गावात कुणाला आठवतही नाही. भांडणानंतर आबा तुझ्याबरोबर मेंढरं घेऊन डोंगराकडे गेले, दिवेलागणीला तुम्ही दोघं बरोबरच परत आलात, जेवलात, मेंढरांच्या जाळीच्या वाघरीपाशी एकाच अंथरुणावर झोपलात, हेही तूच सांगितलं होतंस. खालच्या कोर्टाने पहिलं धरलं आणि दुसरं सोडलं. म्हणाले, मुलगा बापाला वाचवायला बघतोय.

हायकोर्टाने काय म्हटलंय ते मी वकीलसाहेबांना परत सांगायला लावलं. जो मुलगा बापाची धमकी बापासाठी लपवत नाही, तो पुढचं मात्र बापासाठी खोटं बोलला, असं मानायला काही आधार नाही. साक्ष घ्यायची तर सगळी घ्या. शिवाय ती जखम विहिरीतल्या दगडावर आपटूनही होऊ शकते, असं डॉक्टरने आधीच सांगितलं होतं. काठीवर रक्त नव्हतंच.

दादा, तुझ्या साक्षीने आबा आत गेले असं सगळे म्हणाले. तुझ्याच साक्षीने ते बाहेर आले हे कुणी म्हणत नाहीये, म्हणून मी म्हणते.

घरी सगळं ठीक आहे. आई बरी आहे. मी बीडला सेवाकेंद्रात कामाला लागले, रोज येऊन-जाऊन करते.

तुझी
उज्ज्वला


लिंबागणेश
५ जानेवारी २०२५

दादा,

तुझं उत्तर नाही. राधाकिशन म्हणाला, तू पाकीट घेतलंस, त्याच्यासमोर उघडलं नाहीस, पण टाकूनही दिलं नाहीस. तेवढ्यावर हे दुसरं लिहिते.

मागच्या वेळी घरी सगळं ठीक आहे असं लिहिलं होतं. ते खरं नव्हतं.

आबा घरात आहेत, पण घरात राहत नाहीत. उठतात, दारापर्यंत जातात आणि तिथेच थांबतात. मग माझ्याकडे बघून विचारतात, "जाऊ का?" पहिल्यांदा मला कळलंच नाही काय विचारतायत. आता मी "जा" म्हणते. आईला विचारत नाहीत. ती भाकरी वाढते आणि बाहेर जाऊन बसते. मामा तिचा पाठचा भाऊ होता. तुरुंगात ती आबांना एकदाही भेटायला गेली नाही हे तुला माहीत नसेल. मीच जायचे. आबांनी तिच्याबद्दल कधी विचारलं नाही आणि तिने माझ्याकडून काही सांगून पाठवलं नाही.

मेंढरं बरीचशी गेली. आईने जेवढी राखली ती सगळी नंतर जन्मलेली. आबा हाक घालतात आणि ती उभी राहून नुसती बघतात, आईने हाक घातली की वळतात. दुसऱ्या दिवसापासून ते आईच्या मागून जायला लागले, राखणीला आलेल्या पाहुण्यासारखे.

गावात म्हणतात, निर्दोष कुठं म्हटलंय? संशयाचा फायदा दिलाय. हे आबांच्या कानावर घालणारे पुष्कळ आहेत. त्यांनी मला विचारलं, म्हणजे काय ग? मी सांगितलं, की गुन्हा शाबीत झाला नाही म्हणजे माणूस सुटलाच, कायद्यात त्याच्यापुढे काही नसतं. ते म्हणाले, "कायद्यात नसंल."

चतुर्थीला देवळाबाहेर गर्दीत सुंदरराव भेटले. सरपंचकीच्या वेळचा तोरा अजून आहे त्यांचा. चार माणसांत आबांना म्हणाले, की वैरी परवडला पण असला पोरगा नको. आबा इतके दिवस कुणाला उलटून बोलले नव्हते. त्या दिवशी म्हणाले, "मी तसं बोललो व्हतो. पोरानं खोटं कावून बोलावं?" मी शेजारीच होते म्हणून तुला हे शब्दाला शब्द सांगू शकते.

भिवरामामी समोरच राहते, तशीच. मूल ना बाळ. आबा सुटून आले त्या दिवशी ती दारात उभी होती. शिवी दिली नाही, रडलीही नाही. एवढंच म्हणाली, "ह्यानं मारलं न्हाई, तर माझा मानूस मेला कसा?" मी निकाल ऐकला आहे दादा, त्यात ते कुठेच नाही. कोर्टाचं काम तेवढंच होतं, असं वकीलसाहेब म्हणतात. मामीला ते कुणी सांगायचं? उमापूरच्या तिच्या भावाने दिल्लीला सुप्रीम कोर्टात अपील करायचं ठरवलंय. कागदपत्रं गोळा करतायत.

आणखी एक, जे मी लिहिणार नव्हते. शिक्षा लागली त्या दिवशी आई तुला कोर्टाच्या आवारात काय बोलली ते मी ऐकलं होतं. "तू गप बसला असतास तर आज माझं घर असतं." तू तिथूनच बीडच्या स्टँडवर गेलास आणि परत आला नाहीस. भाऊ गेला, नवरा गेला, आणि मुलगा तिने त्या दिवशी स्वतः घालवला. ती ते परत घेणार नाही, तिला तसं येतच नाही. पण राधाकिशनकडे जी घोंगडी दिली ती मी नाही दिली. तिने बांधून दिली, आणि तिचं नाव सांगू नको म्हणाली. मी सांगतेय.

उज्ज्वला


बीड
६ मार्च २०२५

दादा,

हे घाईने लिहितेय, सेवाकेंद्रात बसून. आबांच्याच पिशवीत ठेवणार आहे. तू हे वाचशील तेव्हा ते तुझ्यासमोर असतील, किंवा दाराबाहेर असतील.

दिल्लीला अपील दाखल झालं. त्याची नोटीस आली तेव्हापासून आबा झोपत नाहीत. वकीलसाहेबांनी बजावलंय, की आता कुणाशी एक शब्द बोलायचा नाही, गावात नाही, पाहुण्यांत नाही, जे झालं ते निकालात आहे तेवढंच. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि घरी येऊन मला म्हणाले, आपल्या परमेश्वरकडं, चाकणला सोड मला. मी म्हटलं, त्याचं काही कळत नाही, तो दार उघडेल न उघडेल. म्हणाले, उघडंल तवा उघडंल.

काहीतरी सांगायचंय त्यांना. मला विचारलं तर म्हणतात, पहिलं त्याला. दादा, मला भीती वाटतेय. काय असेल ते, ऐकताना मी जवळ नसणार. आणि खरं सांगू, काय असेल ते मला ऐकायचंही नाही. इतकं भोगून ते घरी आलेत, आता पुन्हा काही नको.

तू एकदा सगळं खरं सांगून बसलास आणि त्याची शिक्षा तुलाच झाली. त्यामुळे आबांना गप्प बसवायचं तर तूच बसव, असंही वाटतं. पण तसं सांगायला माझी जीभ वळत नाही.

बस लागली. त्यांना पुण्याच्या गाडीत बसवून देते. तिथे वाकडेवाडीच्या स्टँडवर राधाकिशन उतरवून घेईल.

उज्ज्वला


चाकण
१२ मार्च २०२५

उजे,

तुझी तिन्ही पत्रं वाचली. पहिली दोन आधीच वाचली होती. राधाकिशनला सांगितलं नाही एवढंच. मला लिहायची सवय नाही, समजून घे.

रात्रपाळी करून सकाळी खोलीवर आलो तर आबा दारात बसलेले. राधाकिशनने त्याच्या खोलीत चला म्हटलं होतं, तर नाही म्हणाले. मला बघून उभे राहिले. मी कुलूप काढलं, आत गेलो, तरी ते बाहेरच. "आत येऊ का?" असं विचारलं. तू लिहिलं होतंस तेच. मी हात धरून आत आणलं.

इतकी वर्षं मी मनात बोलत आलो होतो की आबा समोर आले तर काय काय सांगायचं. त्यातलं एक वाक्य आठवलं नाही. "मी कोर्टात..." एवढंच बोललो. त्यांनी पुढं बोलूच दिलं नाही. म्हणाले, "त्यात तुझं काय? तू सगळं खरं सांगितलंस. उरली ती माझी साक्ष उरली."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्याच शब्दांत लिहितो, म्हणजे माझ्याकडून कमीजास्त व्हायला नको.

"कळप घिऊन उतरलो तवा तू पुढं व्हतास. मी मागं. बिभीषण इहिरीवर पंपाच्या वट्यावर बसलेला. लई पिलेला. मान खाली गेलती. मला वाटलं उठवावा, घरला न्यावा. पण दुपारचा राग व्हता पोटात. म्हनलं, बसू दे. आन मी मेंढरामागं निघून आलो."

आपण जेवत होतो तेव्हा मामी बॅटरी घेऊन आली होती, मामा अजून आला नाही म्हणत. तुला आठवतं का? मला आठवतं. आबा ताटावरून न उठता म्हणाले होते, "मला न्हाई ठाव." मी तेव्हा त्यांच्या शेजारीच बसलो होतो. कोर्टात मला हे कुणी विचारलं नाही, आणि मला तरी कुठं माहीत होतं की ते खोटं आहे.

मी विचारलं, मग तुम्ही हे पोलिसांना का नाही सांगितलं? म्हणाले, वकिलाला सांगितलं होतं, पहिल्याला. तो म्हणाला, विहिरीपाशी होतो म्हणालास की मेलास. म्हणून कळपाबरोबर पोरासोबत होतो तेवढंच सांगितलं. ते खोटं नव्हतं. पुरतं नव्हतं.

मग उजे, मला जे विचारायचं होतं ते मी विचारलं. गाव सोडून आलो त्याचं आईचं बोलणं हे कारण होतंच, पण हेही होतं. मी रात्री झोपेत होतो. ते उठून गेले असते तर मला कळलं नसतं. मी कोर्टात जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं, पण झोपेतलं मला कुठं माहीत होतं? मी म्हटलं, "आबा, ढकललं न्हाई ना तुमी?"

त्यांना राग आला नाही. माझ्याकडं बघून म्हणाले, "न्हाई. पन उठवलंबी न्हाई."

मी विश्वास ठेवला. हायकोर्टाने ठेवला त्याच्यानंतर इतक्या दिवसांनी मी ठेवला. लाज वाटते लिहायला पण असंच आहे.

आता त्यांना हे भिवरामामीला सांगायचंय. मी नको म्हणालो. दिल्लीचा निकाल लागू दे, मग सांगा. तिच्या भावाच्या कानावर गेलं की तो उद्या वकिलाकडं जाईल, आणि मग विहिरीवर होतो हे तुमच्याच तोंडचं होईल. आबा म्हणाले, "तवर ती ऱ्हाती का मी ऱ्हातो, काय सांगावं? तिनं त्या दिवशी मला इचारलं व्हतं. कोर्टानं न्हाई, तिनं."

येत्या रविवारी मी त्यांना घेऊन येतो. एकच दिवस सुट्टी आहे. आईला ते पहिलं सांगणार, तिचा भाऊ होता म्हणून. तू वकिलाला काही कळवू नकोस.

परमेश्वर


लिंबागणेश
२० मार्च २०२५

दादा,

तू गाडीत बसल्यावर काय झालं ते कळव म्हणाला होतास. फोनवरही सांगता आलं असतं, आता तू उचलतोस. पण हे मला लिहूनच जमेल.

आधी एक सांगते. तुझं पत्र मिळालं त्या दिवशी मी वकीलसाहेबांना फोन लावला होता. रिंग गेली आणि मी ठेवून दिला. परत त्यांचा आला तेव्हा म्हटलं, चुकून लागला.

अंगणात आबा आईला सांगत होते तेव्हा तू कडुनिंबापाशी पाठ करून उभा होतास, म्हणून तिचा चेहरा तुला दिसला नाही. मला दिसला. ती रडली नाही. तिने सगळं ऐकलं, पदर डोक्यावर घेतला आणि समोर मामीच्या दाराकडे चालायला लागली. आपण तिच्या मागून गेलो. पुढचं तू पाहिलंस. मामीने उंबऱ्यात उभं राहून ऐकलं, आणि दार लावून घेतलं. तुला रात्रपाळी होती, तू निघालास. जाताना आई तुला म्हणाली, पुढच्या वेळेला मुक्कामाला ये. तू नुसती मान हलवलीस. ती संध्याकाळी मला विचारत होती, तो हो म्हणाला का ग? मी म्हटलं, हो म्हणाला.

सोमवारी आणि मंगळवारी मामीचं दार उघडलं नाही. आई दोनदा भाकरी घेऊन गेली आणि दोनदा परत आणली. मला वाटलं, तिचा भाऊ आता उमापूरहून येणार, पुन्हा पोलीस, पुन्हा तेच. आबा ओसरीवर बसून होते. "जाऊ का?" असं त्यांनी मला त्या दोन दिवसांत विचारलं नाही.

काल सकाळी ती आली. मी बीडला निघतच होते. अंगणात उभी राहिली आणि थेट आबांना म्हणाली, "दाजी, कुठं बसला व्हता ते दाखवा."

आबा उठले. आईही उठली. मी माझी पिशवी ठेवून मागून गेले. विहिरीवर तू इतक्यात गेला नाहीस. पंप गेला, पण त्याचा ओटा आहे, एका बाजूने फुटलेला, आत उतरायच्या पायऱ्यांच्या अगदी वर. आबांनी हात लावून दाखवला. मामीने तिथलं गवत उपटून बाजूला टाकलं आणि विचारलं, तोंड कुणीकडे होतं.

"तुमच्या घराकडं," आबा म्हणाले.

मामी ओट्यावर बसली. घराकडे तोंड करून. आई पुढे झाली, पायऱ्यांच्या बाजूला उभी राहिली, मामी पडेल की काय म्हणून. तिथून तिच्या घराचे पत्रे दिसतात, दारापुढची बाजही दिसते. मग ती बोलली, कुणाकडे न बघता.

"इतकी वर्सं डोळं मिटलं की कुनीतरी त्याला ढकलताना दिसायचं. मला तो बसलेला दिसलाच न्हवता कधी."

आबा खाली बघत होते. तिने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"तुमी त्याला उठवायला पायजे व्हतं, दाजी."

"व्हय," आबा म्हणाले.

अपिलाचं तिने काढलं नाही आणि आबांनीही नाही. दिल्लीची तारीख अजून लागलेली नाही, लागेल तेव्हा लागेल. मामी उठायला लागली तर गुडघा धरला. आईने हात पुढे केला. मामीने तो लगेच नाही धरला. मग धरला, आणि दोघी बांधावरून घराकडे निघाल्या, आई पुढे, ती मागे. आबा विहिरीपाशीच उभे होते. मी थांबले त्यांच्यासाठी. थोडं पुढे गेल्यावर मामीनेच वळून त्यांना चला म्हटलं.

उज्ज्वला